धनसिंगच्या गाडीचं पुस्तक

वारंगा फाट्यावर शिलाच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणलेली पांढरी अँबॅसिडर येऊन थांबली, तेव्हा धनसिंग बाहेरच्या बाकावर चहा पीत बसला होता. त्यानं गाडी लांबूनच ओळखली. अर्धा कप तसाच ठेवून तो उठला आणि गॅरेजच्या मागं बाभळीखाली जाऊन उभा राहिला. व्याह्याशी भांडण झालेला माणूससुद्धा त्याला बघून इतक्या घाईनं उठत नाही.

एकवीस वर्षं त्यानं ही गाडी पाहिली नव्हती. कुरुंद्याला जुने मालक तातेरावांच्या गोठ्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी आहे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो कुरुंद्याच्या बाजाराला जात नसे. मिरची-मीठ आणायचं झालं तरी एस.टी. धरून वसमतला जाई. बायको रुक्माबाई चिडायची, पण ह्या एका बाबतीत त्यानं तिचं कधी ऐकलं नाही.

गोष्ट त्याच्या सगळ्या बंजारा तांड्याला माहीत होती. धनसिंग तातेरावांचा ड्रायव्हर, एक-दोन नव्हे, एकोणीस वर्षं. सकाळी बोनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालून तेल कुठवर आहे ते बघायचं, मग पाणी, मग काचा. देवपूजेत खाडा झाला तरी ह्यात नाही. आणि तरीही त्या वर्षी, ऐन वैशाखात, तातेराव मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला कळमनुरीला निघाले असताना फाट्याच्या पुढं तीन-चार किलोमीटरवर इंजिनातून कडकड आवाज आला आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. फाट्यावरचा मिस्त्री आला, त्यानं खालचा नट सोडला. तेल निघालं ते जेमतेम. बघ्यांची गर्दी जमली होतीच. त्या गर्दीत तातेराव म्हणाले, "धनसिंगा, एक तेल बघायचं काम होतं तुला. ते बी जमलं न्हाई?"

एवढं बोलून ते वाळूच्या ट्रकमध्ये चढून गेले. तीन तास उशिरा, धुळीनं माखून पोचले. सोयरीक मोडली. पुढं मुलीला परभणीचं याहून चांगलं घर मिळालं, तिची पोरं आता कॉलेजात आहेत, पण राग काही हिशेब बघून उतरत नसतो. धनसिंगचं काम सुटलं. त्यानंतर आजूबाजूच्या वीस गावांत त्याच्या हातात कुणी गाडी दिली नाही. 'तेल न बघणारा डायवर' हे नाव पडलं ते पडलंच. त्यानं तीन एकरांत कापूस आणि सोयाबीन केलं, पोरीला शिकवलं, आणि गप्प राहिला.

लोकांच्या बोलण्यापेक्षा मोठी तकलीफ वेगळीच होती, ती त्यानं रुक्माबाईलाही सांगितली नव्हती. सुरुवातीला तो शपथेवर सांगायचा, रोजच्यासारखं त्या दिवशीही मी तेल बघितलं होतं. मग एकेक वर्ष गेलं तसं त्याचं त्यालाच कळेना. त्या सकाळी खरंच बघितलं होतं का? आदल्या दिवशीचं आठवायचं, त्याच्या आदल्याचंही आठवायचं. नेमकी ती सकाळ आठवेना. आपण खोटं बोलत आलो की काय, ह्या विचारानं तो आतून पोखरून गेला होता.

शिला ही त्याची मुलगी. नांदेडला ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलेली. नवरा मोहनसिंग ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस हैदराबादच्या रस्त्यावर. चार वर्षांपूर्वी तिनं फाट्यावर गॅरेज टाकलं तेव्हा लोक समोरच्या हॉटेलातली खिचडी खाता खाता गंमत म्हणून बघायला यायचे. आता ट्रॅक्टर आणि पिकअप घेऊन येतात आणि नंबर लावून बसतात.

गाडी घेऊन आला होता तातेरावांचा मुलगा वैजनाथ. पंचेचाळिशीचा, वसमतला बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा, बोलण्यात गोड.

"शिला, सगळे म्हणून राहिले भंगारात घाल. पण अण्णा चौऱ्याऐंशीचे झाले. एकदा गाडी चालू झालेली बघायची म्हणतेत. तुझ्याच्यानं होईल का?"

"उघडून बघावं लागंल, दादा. आत्ता कसं सांगू?"

तिनं तीन दिवसांत इंजिन खाली उतरवून उघडलं. आतले बेअरिंग कोळशासारखे काळे पडले होते. एक हातात घेऊन ती उजेडाकडं धरून म्हणाली, "तेलच पोचलं न्हाई इथवर." आणि मागं वळली तर दारात बाप उभा. तिनं जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

"ही गाडी परत पाठीव," धनसिंग म्हणाला.

"बा, काम हाय हे. म्या न्हाई केलं तर भंगारात जाईल."

"जाऊ दे."

शिलानं बापाचं सगळं ऐकलं असतं, हे सोडून. तिच्या मनात वेगळंच होतं. ज्या गाडीनं बापाचं नाव घालवलं, ती आपल्या हातानं चालू झाली पाहिजे, एवढंच. बोलून दाखवण्याची तिची पद्धत नव्हती. बापाचीच लेक ती.

पण अडचण अशी की ट्रॅक्टर तिला तोंडपाठ होते आणि ही गाडी तिच्या जन्माच्या आधीची. कोणता बोल्ट किती आवळायचा, बेअरिंगला किती फट ठेवायची, हे अंदाजानं करायचं काम नाही. अंदाज चुकला तर इंजिन पुन्हा जाम, आणि ह्या खेपेला नाव जाणार ते शिलाचं. त्यासाठी पुस्तक हवं होतं, आणि बरोबर पुस्तक हवं होतं.

पुस्तकं मिळाली तीन. पहिलं नांदेडच्या रद्दीवाल्याकडचं, हिंदी, 'सगळ्या गाड्यांची दुरुस्ती' अशा थाटाचं. स्कूटरपासून बसपर्यंत एकशेवीस पानांत उरकलेलं. अँबॅसिडरला दीड पान, त्यातलं अर्धं पान नुसतं गाडीचं चित्र. असलं पुस्तक लिहायलाही हिंमत लागते. शिलानं ते बाकाचा हलणारा पाय टेकवायला वापरलं.

उरलेली दोन हैदराबादच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडं होती. दोन्ही इंग्रजी, दोन्ही वर्कशॉपमध्ये वापरायची, जाडजूड. एक हिरव्या पुठ्ठ्याचं, आधीच्या इंजिनाचं. दुसरं करड्या पुठ्ठ्याचं, नंतर निघालेल्या इंजिनाचं. वरून बघितलं तर दोन्ही इंजिनं भावाभावांसारखी, आतलं माप मात्र वेगळं. पुस्तकवाल्यानं फोटो पाठवले आणि फोनवर सांगितलं, "बहन, दोनों नहीं दे सकता. एक पुणे के साहब को बोल दिया है. उनको कोई भी चलता है, काँच के पीछे रखना है. आप दोपहर तक बोलो, कौनसा भेजूँ."

शिलाला त्या पुण्याच्या साहेबांचा फार राग आला. पण राग येऊन पुस्तक येत नाही.

वैजनाथला तिनं बोलावून घेतलं. तो गाडीची कागदपत्रं घेऊनच आला. आर.सी. बुक उघडून त्यानं बोट ठेवलं. "सन बहात्तर. बघ. मग हिरवंच लागंल की. विचार कशाचा करायचा त्यात?"

"बराबर हाय," शिला म्हणाली. तिनं फोन हातात घेतला, हिरवं पाठवा म्हणून लिहायलाही लागली. मग सवयीनं तिनं विचार केला, एकदा इंजिनावरचा नंबर बघून घ्यावा. रॉकेलचा बोळा घेऊन तिनं इंजिनाच्या अंगावरची पत्र्याची पाटी घासली. एकवीस वर्षांचा मळ निघाला, आकडे दिसू लागले. ती मोठ्यानं वाचू लागली.

धनसिंग बाहेरच्या बाकावर पाठ करून बसला होता. कान मात्र आत होते. बायकोचं जन्मसाल विचारलं असतं तर तो अडखळला असता, पण त्या गाडीचा इंजिन नंबर त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. नाक्यावर पोलीस विचारायचे, पासिंगला साहेब विचारायचा. एकोणीस वर्षं तो नंबर त्याच्या जिभेवर होता. आणि पोरगी वाचत होती तो नंबर हा नव्हता.

बोलावं की नाही? बोललं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग मूळ इंजिन कुठं गेलं? आणि गाडी एकोणीस वर्षं कुणाच्या हातात होती? तांड्यातल्या माणसाकडं बोट किती लवकर वळतं, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. तेल न बघणारा म्हणतच होते, आता इंजिन विकून खाल्लं म्हणाले असते. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. त्याची त्याला सवयही होती.

पण गप्प बसलं तर हिरवं पुस्तक येणार. पोरगी त्यातलं वाचून चुकीच्या मापानं इंजिन बांधणार. ते पुन्हा जाम होणार, आणि मग फाट्यावर खिचडी खाणारे बोट दाखवून म्हणणार, तेल न बघणाऱ्याचीच पोरगी ना ही? आपलं गेलं ते गेलं, तिचं कशाला घालवायचं?

धनसिंग उठून आत गेला.

"हा आपल्या गाडीचा नंबर न्हाई," तो म्हणाला, आणि खरा नंबर त्यानं एका दमात सांगितला.

वैजनाथनं आर.सी. बुकात बघितलं. एकेक आकडा जुळला. त्यानं पाटीकडं बघितलं, परत आर.सी. बुकाकडं बघितलं. मग धनसिंगकडं बघितलं आणि म्हणाला, "मग काका, जुनं इंजिन गेलं कुठं?"

झालं. धनसिंगला वाटलं, पायाखालची फरशी सरकली. शिलाचा चेहरा लाल झाला. पण तिनं आवाज चढवला नाही. "दादा, गाडी चालू होती त्या शेवटच्या वर्षांत तुमी नांदेडला कॉलेजात होतात. घरी होत्या त्या काकू. काकूंना फोन लावा. स्पीकरवर टाका."

वैजनाथनं आईला फोन लावला. नर्मदाबाईंचा आवाज गॅरेजभर घुमला. फोनवर बोलताना त्या शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलत.

"गाडीचं इंजिन? आरं, ते तुज्या काकानं, विश्वंभर भावजींनी काढलं न्हवतं का! गाडी बंद पडली त्या साली आपल्या शेतावरली डीपी जळाली, पंधरा दिस लाईट न्हाई. हळद शिजवून वाळवून पडलेली, पॉलिश करायचा ढोल फिरंना, आन् व्यापाऱ्याचा ट्रक दारात हुबा. भावजी म्हणले, गाडी कुठं जायची हाय आत्ता? काढलं इंजिन, बांधलं ढोलाला. हळद झाली सोन्यावाणी, इंजिन गेलं जळून. मंग नांदेडच्या भंगारातून दुसरं आणून बसवलं."

"आन् धनसिंग काका कुठं होते तवा?"

"धनसिंग रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेला गेल्ता की. धा-बारा दिस. त्याला काय ठाऊक! काहून रे, काय झालं?"

"काय न्हाई, आई." वैजनाथनं फोन ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "काका, म्या असंच विचारलं होतं हो," तो म्हणाला. असंच विचारलं नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

धनसिंगला आता आठवलं. पोहरादेवीहून आल्यावर गाडीचा आवाज त्याला जरा जड वाटला होता. विश्वंभरराव म्हणाले होते, सर्व्हिसिंग केली रे. मालकाच्या भावाचा शब्द, त्यावर कोण कशाला विचारतंय? विश्वंभररावांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. त्यांना शिव्या घालायचीही सोय राहिली नव्हती.

शिलानं फोनवरचं लिहिलेलं पुसलं. इंजिनावरचा नंबर हैदराबादला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, हा नंतरच्या इंजिनाचा. तिनं करडं पुस्तक पाठवायला सांगितलं. हिरवं पुण्याला गेलं आणि काचेमागं सुखानं राहू लागलं असेल.

चौथ्या दिवशी करडं पुस्तक आलं. धनसिंगनं हात साबणानं दोनदा धुतल्याशिवाय त्याला हात लावला नाही. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं येत होती. त्या दिवसापासून तो बाकावरून गॅरेजच्या आत आला. शिला खाली वाकून काम करायची आणि तो स्टुलावर पुस्तक मांडीवर उघडं धरून बसायचा. "बा, मागलं पान." "बा, त्याच्या पुढलं." क्रँक नांदेडच्या लेथवर जाऊन आला, नवे बेअरिंग आले, वॉशर आले. तीन आठवडे बापलेकींनी एकमेकांशी जेवढं बोलून घेतलं, तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोलले नसतील, आणि त्यातलं सगळं नटबोल्टांविषयी होतं.

इंजिन गाडीत बसलं. राहिलं तेल.

शिलानं लिटरच्या खुणा असलेला डबा घेतला आणि ओतायला लागली. धनसिंगनं कुणी न सांगता पट्टी हातात घेतली. सवय गेली नव्हती. पुसायची, घालायची, काढायची, बघायची. अडीच लिटर गेलं असेल, तो म्हणाला, "बस. वरच्या खुणेला लागलं. भरलं."

"भरलं कसं? पुस्तक म्हणतंय चार लिटरच्या वर."

"पुस्तक म्हणू दे. पट्टीवर दिसतंय न्हवं? जास्तीचं घातलं तर सील फुटतील."

"बा, दीड लिटरचा फरक हाय. चूक कुणाची तरी हाय. पुस्तकाची न्हाईतर पट्टीची."

"पट्टी कशी चुकंल? एकोणीस वर्षं मी ह्याच पट्टीनं—"

तो तिथंच थांबला. शिलाही थांबली. तिनं त्याच्या हातातून पट्टी घेतली, वरच्या कडीजवळचा मळ नखानं खरवडला. तिथं बारीक आकडे ठोकलेले होते. मग तिनं पुस्तकाची शेवटची पानं काढली, जिथं एकेका भागाचा नंबर दिला होता. बोट फिरवत गेली. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं.

"ही पट्टी ह्या इंजिनाची न्हाईच, बा."

"मंग?"

"जुन्याची हाय. भंगारातलं इंजिन पट्टीसकट कोण देतंय? विश्वंभर काकांनी जुन्याचीच काढून ह्याच्यात घातली आसंल. आत जाते, बसते, कुणाला काय कळतंय? पण ही लांब हाय. तेल खाली ऱ्हायलं तरी हिचं टोक त्याला टेकतंय. तेल अर्ध्याच्या थोडं वर आसलं तरी ही म्हणणार भरलं." ती भराभर बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा आवाज बदलला. "हिरवं पुस्तक आणलं असतं ना, बा, तर हा नंबर त्याच्याशी बराबर जुळला असता. आन् म्या बी खुणेपतूरच भरलं असतं. तुज्यावाणी."

धनसिंग जवळच्या टायरवर बसला. ती पट्टी रोज सकाळी त्याच्या तोंडावर खोटं बोलत होती. पोहरादेवीहून आल्यापासून वैशाखातल्या त्या दिवसापर्यंत, रोज. त्यानं बघितलं, तिनं सांगितलं भरलंय, त्यानं विश्वास ठेवला. ह्यात त्याचं काय चुकलं होतं? काहीसुद्धा चुकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला हलकं वाटत होतं. शिला त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिच्या हातांना तेल लागलेलं, म्हणून तिनं कोपरानंच त्याच्या गुडघ्याला ढुशी दिली.

मग तिनं उरलेलं तेल पुस्तकात लिहिलं होतं तेवढं ओतलं, मोजून. चावी तिनं बापाच्या हातात दिली. दोनदा इंजिन नुसतंच घरघरलं, तिसऱ्यांदा धरलं. खिचडीच्या हॉटेलातले लोक हातातला घास तसाच ठेवून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कुरुंद्याला निघाली. गाडी चालवत होता धनसिंग, शेजारी शिला, मागं वैजनाथ. रस्त्यात शिलानं वैजनाथला पट्टीची सगळी हकिकत सांगितली. खिडकीतून हळदीच्या शेतांकडं बघत तो म्हणाला, "अण्णांना तूच सांग. मी सांगितलं तर ऐकायचे न्हाईत."

तातेराव ओसरीवर बाजेवर बसले होते. अंग पार वाळलं होतं, आवाज मात्र तोच. गाडी अंगणात शिरली तसे ते काठी टेकून उठायला लागले, पण उठवेना म्हणून परत बसले. नर्मदाबाईंनी गाडीला कुंकू लावलं. धनसिंग खाली उतरला आणि पायरीशी हात जोडून उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही नजर खाली घातली.

शिलानं पुस्तक उघडून दाखवलं, पट्टी दाखवली, विश्वंभररावांचं इंजिन, हळदीचा ढोल, सगळं एकेक करून सांगितलं. तातेराव ऐकत राहिले.

इथंच थांबता आलं असतं. धनसिंगचं नाव धुऊन निघालं होतं, आणखी काय पाहिजे? पण इतकं हलकं वाटत असताना तो एक काटा तेवढा आत राहिलेला त्याला सहन होईना. तो म्हणाला, "मालक, एक सांगायचं हाय. पट्टी खोटी होती, ते खरं. पण त्या दिशी सकाळी म्या पट्टी बघितली का न्हाई, ते मला आठवत न्हाई. लई डोकं खाजवलं. न्हाईच आठवत."

"न्हाई बघितली," तातेराव म्हणाले.

शिलानं पुस्तक मिटलं.

"तू बोनेट उघडलं होतंस," तातेराव म्हणाले. आता ते धनसिंगकडं बघत होते. "पट्टीला हात घातला होतास. मीच वरडलो. म्हणलं, बैठकीची येळ टळून राहिली, बंद कर ते, रोजच बघतूस. तू म्हणलास, मालक, दोन मिनिटं. मी म्हणलो, दोन बी न्हाईत. तवा बंद केलंस तू." ते थांबले. श्वास घेतला. "रस्त्यावर तुला दहा माणसांत बोललो. आन् त्या वाळूच्या ट्रकात बसल्यावर मला हे आठवलं. मंग कोणत्या तोंडानं तुला बोलवू? आज बोलवतो, उद्या बोलवतो करत राहिलो. मुलीची सोयरीक मीच मोडली, तुजी भाकर मीच काढली, हे घेऊन बसलोय एकवीस वर्षं."

आणि धनसिंगला ते आठवलं. उन्हानं तापलेलं बोनेट, मालकांचं नवं धोतर, 'दोन बी न्हाईत' हा आवाज. सगळं लख्ख आठवलं. रागही आला. इतका आला की त्याच्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. एकवीस वर्षं! कुरुंद्याच्या बाजारात पाय टाकला नव्हता त्यानं. ह्या माणसाला एक निरोप धाडता आला नव्हता?

त्यानं तोंड उघडलं आणि तातेरावांचा चेहरा बघितला. असा चेहरा त्याला चांगला माहीत होता. रोज दाढी करताना तो आरशात बघत आला होता.

"मालक," तो म्हणाला, "बघितलं असतं तरी काय झालं असतं? पट्टीनं भरलेलंच दाखवलं असतं. म्या बोनेट बंद केलं असतं आन् आपण तसेच निघालो असतो. थांबला असतात तरी गाडी तिथंच बसली असती."

तातेरावांना हे एकदम कळलं नाही. त्यांनी शिलाकडं बघितलं. "खरं म्हणतो का गं हा?"

"खरं हाय, मालक," शिला म्हणाली. "दोन मिनिटांनी काय फरक पडणार न्हवता."

म्हाताऱ्याचा हात तोंडाशी गेला. खांद्यावरच्या टॉवेलात त्यांनी तोंड घातलं आणि ते रडायला लागले, लहान पोरासारखे, आवाज करून. नर्मदाबाई धावत आल्या, वैजनाथ पुढं झाला, पण तातेरावांनी हातानंच दोघांना मागं सारलं. मग तसंच तोंड टॉवेलात ठेवून ते बाजेवर जरा सरकले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी तळहात थोपटला.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत धनसिंग त्या ओसरीच्या पायरीवर बसला होता, वर कधी चढला नव्हता. त्यानं चपला काढल्या, वर गेला, आणि मालकांच्या शेजारी बाजेवर बसला.